प्रोटॉन तिचा, प्रवास माझा

यवतमाळला जायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. नागपूरला परीक्षांच्या कामासाठी गेले होते, अमरावतीला एका लग्नाला गेले होते, पण यवतमाळ माझ्या कुठल्याच वाटेवर लागत नाही. तिथे जायचं तर मुद्दाम जावं लागतं. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मी मुद्दाम गेले, आणि खरं सांगायचं तर मनात फार चांगलं काही घेऊन गेले नाही.

रेणुका आडेचा सत्कार होता. रेणुका आणि मी एकाच संस्थेत, एकाच मार्गदर्शकाकडे पीएच.डी. केली. दोघींचा विषय एकच: ज्यांच्यात प्रोटॉन गरजेपेक्षा फार जास्त झालेत आणि जी त्यातला एक बाहेर टाकून लगेच मोडतात, अशी अणुकेंद्रकं. पुढे मी पुण्यात शिकवायला लागले, ती युरोपातल्या एका प्रयोगशाळेत गेली. या कुळातलं एक केंद्रक मी कित्येक वर्षं शोधत होते. त्यासाठी अशी केंद्रकं घडवणाऱ्या परदेशातल्या एका यंत्रावर मला प्रयोगाला वेळही मिळाला होता. हाती काही लागलं नाही. तेच केंद्रक मागच्या हिवाळ्यात रेणुकाच्या गटाला सापडलं. तिचा शोधनिबंध मी छापून आल्या दिवशी वाचला आणि त्या दिवशी घरात कुणाशी बोलले नाही.

मग यवतमाळहून घारफळकर सरांचा फोन आला. रेणुकाला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे हे निवृत्त प्राध्यापक. म्हणाले, "विज्ञान दिनाला कार्यक्रम ठेवला आहे. शोध काय आहे ते मराठीतून कोणीतरी सांगायला हवं. जिचा सत्कार तिनेच स्वतःचं कौतुक कसं करायचं? रेणुका म्हणाली, वृंदाले बोलवा, तिच्याइतकं कोणालेच समजत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नसतं तर मी नाही म्हणाले असते.

धामणगाव, बाभुळगाव

यवतमाळसाठी रेल्वेने धामणगावला उतरायचं. स्टेशनबाहेर रेणुका स्वतः गाडी घेऊन उभी होती, शेजारी तिचा धाकटा भाऊ सुभाष. तिने मला पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "आली का वं! मले वाटलं तू येतच नाही!"

इतक्या वर्षांनी भेटल्यावर मी आधी काय पाहिलं, तर तिचे केस. अजून काळे. माझे कानांवर पांढरे झालेत. तिथून सुरुवात झाली.

बाभुळगावला चहाला थांबलो. रस्त्याने जिनिंगकडे निघालेले कापसाचे टेम्पो, तोंडापर्यंत भरलेले, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना त्यातून निसटलेला कापूस लटकलेला. आमच्या सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या जातात तेव्हा पोरं मागून ऊस ओढतात. इथे ते काम बाभळी करतात. टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक, तेलाचा तवंग आलेला हरभऱ्याचा रस्सा. मी कोल्हापूर-सांगलीच्या तिखटावर वाढलेली बाई, पण पहिल्याच घासाला ठसका लागला. रेणुका पाणी पुढे करत म्हणाली, "हळू वं. इकडचं तिखट मागून येते."

टपरीवाल्याने तिला ओळखलं. पेपरात फोटो आला होता. त्याने आमच्याकडून पोह्यांचे पैसे घेतले नाहीत आणि मला विचारलं, "तुमी मॅडमच्या असिस्टंट काय?"

"नाही नं भाऊ," रेणुका म्हणाली, "मीच तिची असिस्टंट होती." ते काही अंशी खरं होतं. पीएच.डी.च्या दिवसांत तिचं इंग्रजी मी दुरुस्त करायचे. पण टपरीवाल्याने ते विनयाचं बोलणं म्हणून घेतलं आणि तिच्याकडे आणखी आदराने पाहिलं.

यवतमाळ

सरांचं घर लोहाऱ्याच्या रस्त्यावर आहे. औद्योगिक वसाहत जवळ असली तरी गल्ली शांत, दारात चाफा. तीन पिढ्या वकिली, कचेरी आणि शिक्षकी यांत गेलेलं घर, त्यामुळे बोलणं जपून, नीटस. पण सर रंगात आले की मधूनच "काहून" आणि "मंग" निसटतं. त्यांच्या पत्नी कुसुमकाकूंनी रात्रीच्या जेवणाला पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि गोळाभात केला होता. भातात बेसनाचे वाफवलेले गोळे, ते कुस्करायचे आणि वर कडकडीत फोडणीचं तेल. तेल ओतून काकूंनी विचारलं, "वरून सांबार घालू?"

मी म्हटलं, "नको, रस्सा आहे की."

सगळे हसले. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. चूक साधी होती, कुणी चेष्टाही केली नाही, पण रेणुका ज्या सहजपणे त्या स्वयंपाकघरात हात घालून डब्यातून कोथिंबीर काढून माझ्या भातावर भुरभुरवून गेली, ते पाहून मला वाटलं, हिला सगळीकडेच घर आहे. मला पुण्यात वीस वर्षं होऊन गेली, पण शेजारणीच्या ओट्याशी मी अशी कधी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर मोठं फ्लेक्स होतं. रेणुकाचा हसरा चेहरा आणि खाली: "नवीन प्रोट्रॉनचा शोध लावणाऱ्या आपल्या भूमिकन्येचे हार्दिक अभिनंदन." एका शब्दात एक जादा 'र' आणि वाक्यात एक जादा शोध, प्रोटॉन काही नवीन सापडलेला नाही. मी ते सरांना दाखवलं. दाखवताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

"फ्लेक्सवाल्याने केलं हो," सर ओशाळून म्हणाले. रेणुका मात्र त्या फ्लेक्सखाली उभी राहून मुलींबरोबर फोटो काढून घेत होती.

सभागृह भरलेलं. मी समजावलं. वाचकांपैकी ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात तेच इथे सांगते. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. पण अगदी जवळ असले की एक दुसरी, जास्त बळकट ओढ त्यांना धरून ठेवते. न्यूट्रॉन त्या ओढीत भर घालतात आणि ढकलाढकलीत भाग घेत नाहीत, म्हणून ते पुरेसे असले तर केंद्रक टिकतं. प्रयोगशाळेत मुद्दाम अशी केंद्रकं घडवता येतात, ज्यांत न्यूट्रॉन फारच कमी. असं करत गेलं की एक मर्यादा येते, तिच्यापुढे शेवटचा प्रोटॉन बांधलेला राहतच नाही. तरीही तो तत्क्षणी निघून जात नाही. बाहेरच्या वाटेवर विद्युतभाराचा एक बांध असतो, तो ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. आपल्या रोजच्या जगात तो आतच अडकला असता. अणूच्या जगाचे नियम वेगळे: कधीतरी तो त्या बांधातून आरपार जातो आणि पलीकडे सापडतो. बाहेर पडायला त्याला किती वेळ लागला यावरून आत तो कसा फिरत होता हे कळतं. म्हणून एवढा खटाटोप.

एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात माइक धरायची सवय नसलेली. "मॅडम, ते इतक्या लवकर मरते, तर ते होतं हे कशावरून म्हणायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं: सिलिकॉनची एक पातळ चकती असते, तिच्यावर उभ्याआडव्या बारीक पट्ट्या. केंद्रक उडत येऊन तिच्यात रुततं तेव्हा मोठा संकेत मिळतो. काही मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांनी, अगदी त्याच जागी एक लहान संकेत. तो प्रोटॉन. जिथे रुतलं तिथेच फुटलं, म्हणून ते होतं.

"मग तुमाले काहून नाही सापडलं?" तिने विचारलं. सरांनी प्रस्तावनेत माझ्याही शोधाचा उल्लेख केला होता.

सभागृहात कुणीतरी हसलं. रेणुका पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही.

"कारण मोठा संकेत आला की माझी यंत्रणा थोडा वेळ आंधळी व्हायची," मी म्हणाले. "आम्ही त्याला मृतकाळ म्हणतो. ते केंद्रक माझ्या चकतीत येत असणार, आणि त्या मृतकाळातच मोडत असणार. रेणुकाच्या यंत्रणेत मृतकाळ नव्हता. ती संकेताचा अख्खा आलेख सलग टिपत होती. मोठ्या पायरीनंतर लगेच आलेली लहान पायरी तिला दिसली."

टाळ्या पडल्या. त्या तिच्यासाठी होत्या. उत्तर माझं होतं, पण त्यातलं शहाणपण तिचं, आणि ते तिच्या गावात, तिच्या माणसांना, माझ्याच तोंडून सांगितलं गेलं होतं. मी बसले आणि ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

उमरखेडच्या वाटेवर

दुसरा सत्कार तिच्या तांड्यावर होता, उमरखेडच्या अलीकडे. रेणुका बंजारा. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तांडा म्हणजे शेती करणाऱ्यांची वस्ती, पण नाव तांडाच राहिलं आहे. सकाळी निघालो. आर्णीच्या पुढे सागाचे उघडे डोंगर आणि त्यांच्यामध्ये फुललेले पळस. पानं एकही नाही, नुसता शेंदरी रंग. आमच्याकडे पळस आहेत, पण एखाददुसरा. इथे त्यांचे कळपच्या कळप उभे. मी ते मोबाइलवर टिपत होते आणि रेणुका ढिम्म बसली होती. लहानपणी हे तिला दरवर्षी फुकट मिळालेलं.

महागावच्या आधी गाडीचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सुभाष म्हणाला, "तुमी सावलीत बसा ताई, मी करून राह्यलो." आम्ही कडुनिंबाखाली बसलो. बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी म्हटलं, "तुझे ते आलेख दाखव ना. निबंधात एकच छापला आहेस."

तिने लॅपटॉप उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि सुभाषला जॅक लावायला मदत करायला गेली. जाता जाता म्हणाली, "पहिल्या भागात चांगले आहेत. दुसऱ्या भागात संगणकाने खराब म्हणून टाकलेले. ते पाहू नको, कचरा आहे."

पाहू नको म्हटलं की मी पाहणारच. चांगले आलेख पाहिले. इतके सुंदर होते की पोटात दुखलं. मोठी पायरी, मग एक लहान, नीट कोपऱ्याची पायरी. मग कचरा उघडला. यंत्रात उडालेल्या ठिणग्यांच्या खोट्या खुणा, गोंगाट, अर्धवट संकेत. आणि त्यांच्यातच एक असा की मी स्क्रीन डोळ्यांजवळ घेतली.

त्यात मोठ्या पायरीनंतर लहान पायऱ्या दोन होत्या. एकीला लागून दुसरी.

संगणकाला एकच पायरी शोधायला सांगितलेलं, म्हणून त्याने तो आलेख बाद केला होता. तो खरा असेल तर प्रोटॉन निघून गेल्यावर उरलेलं केंद्रकही पुढच्याच क्षणी काहीतरी बाहेर फेकत होतं. रेणुकाच्या केंद्रकानंतर जे उरतं ते तर टिकाऊ असायला हवं होतं, निबंधातली सारी ओळख त्यावरच उभी होती. म्हणजे एक तर तिने दिलेलं नाव चुकलं होतं, नाहीतर तिच्या नमुन्यात आणखी एक, अजून कोणीच न पाहिलेलं केंद्रक मिसळलं होतं.

रेणुका हात पुसत आली. "काय पाह्यलं?"

"चांगले आहेत," मी म्हणाले. आणि मग, माझा आवाज मलाच परका वाटावा असा: "मला देशील हे सगळं? पुण्याला निवांत बघीन."

"घे नं. त्यात काय विचारते?" तिने तिथेच पेनड्राइव्हवर सगळं उतरवून दिलं. कचऱ्यासकट.

तांडा

तांड्यात शिरताना पहिला वास हळदीचा. हळद शिजवून झाली होती आणि प्रत्येक अंगणात, ओसरीवर, रस्त्याच्या कडेला ती उन्हात वाळत पसरलेली. मी सांगलीची. हळदीचा बाजार म्हणजे आमचा, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलो. तसं मी सुभाषला सांगितलंही.

"आमची हळद वसमतले जाते, हिंगोलीले जाते," तो म्हणाला. "काही तुमच्या सांगलीलेही जाते."

म्हणजे लहानपणापासून सांगलीची म्हणून मी जी हळद खात आले, तिच्यातली काही यांची होती. त्या दिवशी हेसुद्धा मला लागलं.

रेणुकाची आई, तिला सगळे याडी म्हणतात, दारात उभी होती. बंजारा म्हाताऱ्या घालतात तसा आरशांचा भरजरी घागरा, कपाळावर गोंदण. तिने लेकीला जवळ घेतलं आणि मग मलाही, तसंच, हात न आखडता. "ही वृंदा नं? मले माहीत आहे. हिनं तुले विंग्रजी शिकवलं." रेणुकाने आईला माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम उजेडातच झाला. होळी जवळ आली होती म्हणून बायका आणि पुरुष गोल करून लेंगी म्हणत होते, होळीची त्यांची गाणी, आणि या वर्षी त्यांत रेणुकाचं नाव ओवलेलं. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, तिला फेटा बांधला. कुणाला केंद्रक म्हणजे काय ते माहीत नसेल, पण तिची गोष्ट प्रत्येकाला माहीत होती. आश्रमशाळेपासून परदेशापर्यंत कुठे कुणाच्या घरी राहिली, कुणी बसचं तिकीट काढून दिलं, ते सगळं लोक एकमेकांना दुरुस्त करत सांगत होते. माझ्या निबंधाच्या वेळी माझ्या घरी एवढंच विचारलं होतं, "नोकरी पक्की झाली का?"

पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. मी स्वतःला सांगत होते की आज बोलायचं नाही, तिचा दिवस आहे, माणसं नाचताहेत, अशा वेळी 'तुझ्या केंद्रकाचं नाव कदाचित चुकलंय' असं कोण म्हणेल? हे खरं होतं. पण पुण्याला जाऊन स्वतंत्र प्रस्ताव लिहायचा, माझ्या नावाने वेळ मागायचा, तो प्रस्ताव मी मनात लिहायलाही लागले होते. आणि हेही तितकंच खरं होतं.

नायकाने माइक माझ्या हातात दिला. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणाले, "रेणुकाला जे दिसलं ते मी खूप वर्षं शोधत होते. मला दिसलं नाही."

समोर सुभाष बसला होता. तो बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाला, "मंग तुमाले राग नाही येत काय?"

"येतो," मी म्हणाले.

अख्खा तांडा हसला, टाळ्या वाजल्या. त्यांना ती गंमत वाटली. रेणुका फेट्याखालून माझ्याकडे पाहत होती. नंतर पंगतीत लापशी आली, मटण आलं, भाकरी आली. याडी दोनदा माझ्या ताटाशी येऊन गेली. मला घास गिळवेना. "तिखट झालं काय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं होतं, पण तिने मायेने ताक आणून दिलं.

सकाळी रेणुका अंगणात बाजेवर चहा पीत बसली होती. मी तिच्या पायाशी टेकले आणि सांगितलं. दोन पायऱ्या, कुठला आलेख, त्याचा अर्थ काय असू शकतो, सगळं.

तिने कप बाजेखाली ठेवला. "काल पाह्यलं नं तू हे? निंबाखाली?"

"हो."

"काल काहून नाही सांगितलं?"

"तुझा दिवस होता. बिघडला असता."

"खरं सांग."

"आणि मला ते स्वतःसाठी हवं होतं," मी म्हणाले. "पेनड्राइव्ह त्यासाठीच मागितला."

ती उठली. शिवी देईल, निदान काही बोलेल, असं मला वाटलं. तिने सुभाषच्या हातातलं लाकडी दाताळं घेतलं आणि हळद परतायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. याडी दारातून पाहत होती. तिने मला विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "माझ्यावर रागावली." याडी म्हणाली, "मंग बस इथंच. उठू नको." आणि आत गेली. मी बसून राहिले. माझी गाडी दुपारची होती. सुभाष घड्याळ पाहून आला आणि परत आत गेला.

शेवटी रेणुका आली. हात पिवळे. "लॅपटॉप आण," ती म्हणाली. "माझाच आण, तुझा पेनड्राइव्ह नको."

आतल्या खोलीत खिडकीवर चादर टाकून आम्ही बसलो. सगळा कचरा एकेक करून पाहायचा ठरलं. आधी माझा आलेख. तिने तो ताणून, मोठा करून, उलटासुलटा तपासला. त्या पट्टीवर ठिणग्या उडायच्या का ते पाहिलं. नव्हत्या उडत. "खरा दिसते," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला. तिचा निबंध छापून झाला होता. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते मला दिसत होतं आणि मला आदल्या दिवशी वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. थोडा झाला.

दुपार झाली. माझी गाडी गेली. ठिणग्यांमागून ठिणग्या, डोळे चुरचुरायला लागले. दोघी आळीपाळीने पाहत होतो, आणि मी उठून पाणी प्यायला गेले तेवढ्यात तिची हाक आली, "वृंदा, पळत ये!"

दुसरा आलेख. तशाच दोन पायऱ्या, तेवढ्याच उंचीच्या, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर.

आम्ही एकमेकींना मिठी मारली, तिची हळद माझ्या पांढऱ्या कुडत्याला लागली, याडी धावत आली. आणि त्या मिठीतच माझ्या मनात आलं, पाणी प्यायला जायला नको होतं, हा मला सापडला असता.

दोन एकसारखे म्हणजे योगायोग नव्हे. आम्ही कागदावर आकडेमोड केली. तिचे चांगले आलेख जागेवर ठाम राहिले, ते केंद्रक तिचंच. मात्र या दोन आलेखांमागचं केंद्रक निराळं होतं, शेजारचं, आणि ते आजवर कोणी पाहिलं नव्हतं. नमुन्यात आणखी एक केंद्रक होतं, अशी एक छोटी दुरुस्ती तिच्या निबंधाला जोडावी लागणार होती.

"त्यात तुझं नाव लिहावं लागन," ती म्हणाली.

"लिही."

ती चादरीकडे पाहत म्हणाली, "तुले पहिल्यांदा परदेशात वेळ मिळाला, आठवते? मी तुझ्याशी बोललीच नव्हती तवा."

"मला वाटलं तुला ताप आला होता."

"ताप कायचा वं," ती म्हणाली. "मी गच्चीवर जाऊन रडत होती. मंग तुले काही सापडलं नाही, तवा मले बरं वाटलं. हे मी याडीलेही नाही सांगितलं."

 मला राग यायला हवा होता, पण त्याऐवजी भूक लागली. आदल्या दिवशीचं मटण उरलं होतं. ते मी दोन भाकऱ्यांबरोबर खाल्लं. ते मुळीच तिखट नव्हतं.

परत

दुसऱ्या दिवशी उमरखेडहून एस.टी.ने नांदेडला निघाले. स्टँडवर उसाच्या रसाची गाडी, मराठवाड्याच्या पाट्या लावलेल्या बस, कंडक्टरची हाक. याडी स्टँडपर्यंत आली होती. तिने हळदीची पिशवी माझ्या हातात ठेवली, गाल कुरवाळला आणि म्हणाली, "पुन्हा येजो."

पुण्यात आल्यावर पहिले काही दिवस मी ती हळद मैत्रिणींना दाखवत होते आणि सांगलीच्या हळदीपेक्षा गडद आहे असं कबूलही करत होते. दुरुस्तीचा मजकूर आम्ही फोनवर लिहिला. त्यात तिने एक वाक्य घातलं: हे दोन आलेख पहिल्यांदा वृंदा साठे यांच्या लक्षात आले. दुसरा तिच्या लक्षात आला होता. मी तसं लिहायला सांगितलं. तिने लिहिलं नाही.

मग नव्या केंद्रकासाठी यंत्रावर वेळ मागायचा प्रस्ताव तयार झाला. दोन्ही गटांची नावं होती, पण प्रमुख एकच असावा लागतो. प्रमुख ती असणार हे उघड होतं. यंत्रणा तिची, माणसं तिची. ते मी स्वतःला समजावून ठेवलं होतं आणि तरीही रोज एकदा मनात घोळवत होते.

प्रस्ताव पाठवायच्या दिवशी तिचा फोन आला. मागे कुठल्यातरी पंपाचा आवाज. "वृंदा, प्रमुख म्हणून तुझं नाव टाकलं आहे. चालते नं?"

नाही म्हणायची ती वेळ होती. यंत्रणा तुझी, मान तुझा, असं म्हणता आलं असतं. ते शोभलंही असतं, आणि या खेपेला मोठेपणा माझ्या वाट्याला आला असता.

"चालतं," मी म्हणाले, इतक्या घाईने की पलीकडे ती हसू लागली.